उन्हाळ्याची सुट्टी, पोरांच्या हातातला फोन आणि रात्री पावणेअकराची रिक्वेस्ट

नमस्कार मंडळी!

पारा ४५ ला टेकलाय. रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. घरात कूलर घरघरतोय आणि कूलरसमोरच्या गादीवर पोट्टं आडवं पडलंय, छातीवर मोबाईल. आपल्या नागपुरात मानेवाड्यापासून जरीपटक्यापर्यंत कुठल्याही घरात डोकावा, दुपारी दोन वाजता हेच दिसेल. पुण्या-मुंबईच्या शाळा जूनच्या मध्यात भरतात, आपल्या विदर्भातल्या त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी, कारण या उन्हात लेकरांना बाहेर काढायची सोय नाही. म्हणजे फोनची ही दुपार आपल्या मुलांना जरा जास्तच लांब मिळते.

आता "डोळे खराब होतील, मान दुखेल" हे मी सांगणार नाही. ते काम घरोघरी आज्या चोख करून राहिल्या आहेत. मला बोलायचंय ते त्या फोनमधून घरात शिरणाऱ्या अनोळखी माणसाबद्दल. आणि त्याहून जास्त, तो शिरला तर मूल तुम्हाला येऊन सांगेल की नाही, याबद्दल.

आधी एक साधा प्रश्न. फोन कोणाचा आहे?

या विषयावरचे बहुतेक सल्ले असं धरून चालतात की मुलाचा स्वतःचा फोन आहे, त्यात गूगलचं फॅमिली लिंक हे पालकांसाठीचं ॲप टाका, वेळ बांधून द्या, संपलं. फॅमिली लिंक चांगलंच आहे, फुकट आहे, मुलाचा वेगळा फोन असेल तर आजच टाका. पण आपल्याकडे सात वर्षांची पोरगी आजोबांचा फोन घेऊन बसलेली असते. त्याच फोनवर पेन्शनच्या बँकेचं ॲप, त्यावरच यूपीआय, आणि यूट्यूब आजोबांच्या खात्यावर. समोर सत्तरीचे गृहस्थ आहेत की दुसरीतली चिऊ, हे यूट्यूबला काय माहीत? ते आपलं एकामागून एक व्हिडिओ लावत सुटतं.

(फोन कॅमेऱ्यासमोर धरून)

हे बघा. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधल्या सुरक्षेच्या भागात ॲप पिनिंग किंवा स्क्रीन पिनिंग नावाची सोय असते. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत "पिन" टाइप करा. ते चालू केलं की जे ॲप उघडून दिलं, तेवढंच पोराच्या हाती. बाहेर पडताना पिन मागायचा पर्यायही तिथेच चालू करा, म्हणजे तुमच्या पिनशिवाय बाहेर पडता येत नाही. लहान मुलांसाठी यूट्यूब किड्स उघडा, पिन करा, मग फोन द्या. दुसरं, प्ले स्टोअरमध्ये खरेदीच्या वेळी दरवेळेस पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागायची सेटिंग आहे, ती लावून टाका. नाहीतर गेममधले हिरे-नाणी पोरं धडाधड विकत घेतात आणि आपल्याला बँकेच्या मेसेजवरून कळतं. तिसरं यूपीआयच्या पिनचं. किराणा दुकानात आपण बिनधास्त पोरासमोर चार-सहा आकडे दाबतो, त्याला ते पाठ असतात. विचारून बघा. आणि यूपीआय ॲपमधलं ऑटोपे उघडा, कशाकशाला परवानगी देऊन ठेवली आहे ते एकदा डोळ्यांखालून घाला.

लहानांचं एवढ्यावर आटपते, कारण खरी गुंतागुंत पुढच्या वयात आहे. सातवी ते बारावी.

इन्स्टाग्रामवर खातं काढायला वय १३ लागतं. पाचवीतल्या पोराने हट्ट धरला, आपणच वैतागून जन्मसाल २००० टाकून दिलं, पोरगं खूश, घरात शांतता. आता गंमत ऐका. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतात इन्स्टाग्रामची किशोरवयीन खाती आली. अठरा वर्षांखालच्या मुलाचं खातं आपोआप खासगी होतं, मुलं ज्यांना फॉलो करतात किंवा ज्यांच्याशी आधीपासून जोडलेली आहेत त्यांनाच मेसेज करता येतो, रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन बंद राहतात, आणि सोळाच्या आतल्या मुलाला यातलं काही सैल करायचं असेल तर आईबापाची परवानगी लागते. सगळं बरोबर आहे, पण ते टांगलेलं आहे जन्मतारखेवर! तुमचं बारा वर्षांचं पोर कंपनीच्या हिशोबात पंचविशीचं असेल, तर यातलं काही त्याला मिळेलच असं नाही. तेरा पूर्ण असतील तर खरी जन्मतारीख टाका. तेरा झालेच नसतील तर ते खातं बंद करा, थोडी रडारड होईल, होऊ द्या.

आता अनोळखी माणसाकडून फोटो पसरवायची धमकी कशी येते, ते अगदी जवळून पाहू. हे कुणा एका मुलाचं प्रकरण नाही. या चॅटचा साचा ठरलेला असतो, म्हणून मी जुळवून सांगते.

रात्रीचे पावणेअकरा. फॉलो रिक्वेस्ट येते, मुलीचा फोटो, गोडसं नाव. तिच्या यादीत वर्गातले चार-पाच जण आधीच दिसतात, कारण त्यांनीही न बघताच हो म्हटलेलं असतं. त्यामुळे ती ओळखीची वाटते. "हाय, तू पण दहावीत ना? फुटाळ्यावर पाहिलं होतं तुला." फुटाळा तलावावर नागपुरातलं कोण जात नाही! दोन दिवस नुसत्या गप्पा: क्लास, क्रिकेट, घरचे कसे समजून घेत नाहीत. मग, "इथे मम्मी चेक करते, दुसऱ्या ॲपवर ये ना." तिथे गेल्यावर आधी ती स्वतः फोटो पाठवते. तो कुठून तरी चोरलेला. "आता तुझी बारी." आणि मुलाने एकदा पाठवला, की पाच मिनिटांत भाषा फिरते. समोरून येतो मुलाच्याच फॉलोअर यादीचा स्क्रीनशॉट, त्यात आत्याच्या नावाला लाल गोल. "दहा मिनिटांत पाच हजार टाक. नाहीतर पहिले हिला पाठवतो." आत्तापर्यंत "येते, जाते" म्हणणारी आता "पाठवतो" म्हणते. इतकी घाई झालेली असते त्याला.

मुलगा आहे, त्याला काय होणार, असं म्हणणारे आईबाप मला नेहमी भेटतात. पैशांसाठीची ही धमकी जास्त करून चौदा ते सतरा वर्षांच्या मुलग्यांनाच गाठते, हे अमेरिकेच्या एफबीआयनेही जाहीरपणे सांगितलेलं आहे. मुलींच्या बाबतीत पैशांपेक्षा आणखी फोटोंची मागणी जास्त असते, आणि कधी कधी समोरचा अनोळखीही नसतो. ओळखीतला, क्लासमधला, एखादा जुना मित्र निघतो.

त्या दहा मिनिटांत पोराच्या डोक्यात काय चाललेलं असतं? पोलीस नाही. आत्याही नाही. बाबा. "बाबांना कळलं तर मेलो." धमकी देणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, त्याचा सगळा धंदा या एका वाक्यावर चालतो. माझं स्पष्ट मत सांगते: "काही लफडं केलं तर फोन फोडून टाकीन" असं जो बाप उठताबसता म्हणतो, तो त्या भामट्याचं अर्धं काम स्वतः करून ठेवतो. राग येईल हे मान्य. पण काही घडायच्या आधी, अगदी आज जेवताना, पोराला सांगून ठेवा की असं कधी झालं आणि तू आम्हाला सांगितलंस, तर तुझा फोन जाणार नाही आणि मार पडणार नाही. आणि मग ती वेळ आली तर शब्द पाळा. एकदा मोडलात की दुसऱ्यांदा ते येणार नाही तुमच्याकडे, मित्राकडे जाईल.

बरं, समजा ते आलं. रात्री बारा वाजता दारात उभं आहे, तोंडातून शब्द फुटत नाही. काय करायचं?

पहिलं, पैसे पाठवायचे नाहीत. पाच हजार दिले की त्याला कळतं, इथून पैसे येतात, मग दहा मागतो. दुसरं, घाबरून चॅट डिलीट करायची नाही आणि खातंही उडवायचं नाही. त्याचं प्रोफाइल उघडा, वापरकर्ता नाव पूर्ण दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा, कारण नाव ते लोक घटकाभरात बदलतात. त्याने दिलेला यूपीआय आयडी, क्यूआर कोड, फोन नंबर, सगळं जपा. मग त्या ॲपमध्ये रिपोर्ट करा, आणि त्यानंतर ब्लॉक. उलट उत्तर द्यायचं नाही, शिवी तर नाहीच. इथे बरेच बाबा मैदानात उतरतात, "तू मला ओळखत नाहीस" वगैरे सुरू करतात. समोरच्याला तेवढाच आणखी मालमसाला मिळतो.

पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा. सकाळ होऊ देऊ नका. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळवले जातात, ते काढून घेण्याआधी कुठेतरी अडवता आले तरच मिळण्याची आशा. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि बँक हाताशी ठेवून फोन करा.

तक्रारीसाठी सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन हे केंद्र सरकारचं पोर्टल आहे. तिथे महिला आणि मुलांच्या गुन्ह्यांसाठी वेगळा भाग आहे आणि मुलांच्या अश्लील चित्रांबद्दल नाव न देताही कळवता येतं. मुलांची हेल्पलाइन १०९८, मूल स्वतःसुद्धा लावू शकतं. फोटो कुठे पसरेल अशी भीती असेल तर "टेक इट डाउन" नावाची मोफत सेवा आहे, अमेरिकेतल्या हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची. फोटो काढला तेव्हा वय अठराच्या आत असेल तर चालते. यात फोटो कुणाला पाठवायचा नसतो. तुमच्याच फोनवर त्या फोटोचा आकड्या-अक्षरांचा एक ठसा तयार होतो, तेवढाच पुढे जातो, आणि इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्या सामील कंपन्या तो ठसा जुळला की फोटो अडवतात. व्हॉट्सॲपच्या बंद चॅटमध्ये मात्र ही युक्ती चालत नाही.

आणि त्या रात्री मुलाला एकटं झोपवू नका. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा निघाली तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, दिवसरात्र चालू असते, मराठीतही बोलतात.

(स्क्रीनवर तिन्ही नंबर राहू द्यायचे: १९३०, १०९८, १४४१६)

आता पोलीस. "ठाण्याची पायरी चढली की मोहल्लाभर बोभाटा होईल," ही भीती मी समजू शकते. पण मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात काय लिहिलंय ते ऐका. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा तो म्हणेल त्या जागी घ्यायचा. शक्यतोवर उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, आणि जबाब घेताना अधिकारी गणवेशात नको. कोणत्याही कारणाने मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही. त्याचं नाव, शाळा, घर, फोटो माध्यमांत येता कामा नये. हे सगळं तुमचा हक्क म्हणून मागता येतं. आणि तुम्ही हुडकेश्वरला राहता, इथे का आलात, असं म्हणून कुणी परत पाठवू लागलं तर झिरो एफआयआर म्हणा, ती कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते.

एक चूक भली माणसं करतात. पोराचा फोटो "पुरावा" म्हणून काकांना, मामांना, वकिलांच्या भावाला फॉरवर्ड. बाप्पा, असं करू नका! माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली मुलांची अशी चित्रं पाठवणं, पसरवणं हा गुन्हा आहे, पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. "बघा किती वाईट, आरोपीला पकडा" म्हणून ग्रुपवर ढकललेला व्हिडिओही तुम्हाला यात अडकवू शकतो. सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने असं साहित्य फोनमध्ये बाळगण्याबद्दलही कडक निकाल दिलाय. पोलिसांना दाखवायचं, बाकी कुणाला नाही.

मुलग्यांच्या आईबापांना हे वेगळं सांगते, कारण आपलं पोरगं दरवेळी पीडितच असेल असं नाही. वर्गातल्या मुलीच्या फोटोवरून एआयने नागडा फोटो बनवायची ॲप्स पोरांना बरोबर सापडतात, आणि "मजाक होता बे" म्हणून ते सोडून देतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पॉक्सोमध्ये कॉम्प्युटरवर बनवलेलं, खऱ्या मुलाचं वाटेल असं चित्रही येतं. बनवणारा सोळाचा असला तर बाल न्याय मंडळासमोर उभा राहतो, आणि त्याच्याबरोबर तुम्ही. हे त्याला आधीच माहीत असलेलं बरं.

शेवटी आपला स्वतःचा फोन. तान्हा पोळ्याला पोरं धोतर-फेटा घालून लाकडी बैल घेऊन निघतात, इतकी गोड दिसतात की फोटो टाकल्याशिवाय राहवत नाही. टाका. फक्त पोस्ट सगळ्या जगाला उघडी ठेवू नका, आणि शाळेचा गणवेश, गळ्यातलं ओळखपत्र, सोसायटीची पाटी, ऑटोचा नंबर फोटोत येतोय का ते बघा. एखाद्याला तुमच्या मुलीशी "मी तुझ्या शाळेतलाच" म्हणून बोलायचं असेल तर त्याला लागणारी सगळी माहिती बहुतेक वेळा आईच्याच फेसबुकवर असते. तान्हा पोळ्याच्याच दिवशी शहरात मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, दरवर्षी कुणा ना कुणाचा बडग्या, म्हणजे खिल्ली उडवणारा पुतळा, काढतात. सायबर भामट्याचा निघाला तर मी स्वतः महालात बघायला येईन.

व्हॉट्सॲपमध्ये प्रायव्हसीत जाऊन "मला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं" याला "माझे संपर्क" निवडा, मुलाच्या फोनवर आणि आजोबांच्याही.

कॉमेंटमध्ये प्रश्न विचारा, मी उत्तर देते. पण तुमच्या घरात असं काही घडलेलं असेल तर मुलाचं नाव, शाळा, चॅटचे स्क्रीनशॉट तिथे टाकू नका, ते कोणीही वाचू शकतं. असं काही दिसलं तर मी ते काढून टाकणार आहे, राग मानू नका. नंबर खाली डिस्क्रिप्शनमध्ये दिलेत. फॅमिली लिंक कसं बसवायचं, ते पुढच्या व्हिडिओत फोन हातात घेऊनच दाखवते.