जुळणी यंत्राने घेतली, नजर कुणी घेतली?

आज इथे बरेचजण प्रकाशन व्यवसायातले आहेत, म्हणून तंत्रज्ञानाने कामं कशी बदलतात ते सांगताना मी आपल्याच घरातल्या माणसापासून सुरुवात करतो. छापखान्यातला कंपोझिटर, म्हणजे अक्षरं जुळवणारा.

देवनागरीच्या केसमध्ये, म्हणजे खणांच्या पेटीत, शेकडो खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, असायचे. अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, रफार, अनुस्वार. प्रत्येकाचा खण ठरलेला. डाव्या हातातल्या स्टिकमध्ये, म्हणजे ओळ जुळवायच्या पट्टीत, हा माणूस एकेक खिळा लावत जायचा, तोही उलटा दिसणारा. छपाई झाली की फर्मा, म्हणजे जुळवून बांधलेली पानं, सोडून खिळे पुन्हा खणात. काम हाताचं दिसायचं खरं, पण लेखकाने ‘आशिर्वाद’ लिहून पाठवला तर ‘आशीर्वाद’ जुळवणारा पुष्कळदा हाच असे. १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे नियम आले, १९७२ मध्ये त्यांत भर पडली, आणि ते नियम त्याला बोटांत मुरवून घ्यावे लागले. ही जाण त्याच्या हुद्द्यात कुठेच लिहिलेली नव्हती. त्याला पैसे मिळत ते जुळणीचे.

मग डीटीपी, म्हणजे संगणकावरची जुळणी, आलं आणि जुळणी खाती बंद झाली. डीटीपी ऑपरेटरला पानामागे दर. समोर असेल तसं टाइप करायचं, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. त्यात त्याचा दोष नाही. कंपोझिटरची नजर आता कुणी सांभाळायची, हे आपण कुणी ठरवलंच नाही! तो भार मुकाट्याने मुद्रितशोधकावर, म्हणजे प्रुफं तपासणाऱ्यावर, गेला. पुढे लेखक स्वतःच युनिकोडमध्ये टाइप करू लागले, तेव्हा अनेक ठिकाणी मुद्रितशोधकाची जागाही भरेनाशी झाली.

अक्षरांचंही तेच. टाइप फाउंड्रीत, म्हणजे खिळे ओतणाऱ्या कारखान्यात, अक्षराचं वळण बघणारा कारागीर असे. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या टाइपांचा लौकिक अशा कारागिरांमुळेच झाला. संगणकासोबत आलेल्या फॉन्टमध्ये बहुधा हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ होते. आपला पाकळीचा ल, देठाचा श मागे पडत गेले. अखेर २००९ मध्ये राज्य शासनाला निर्णय काढून मराठी वळण सांगावं लागलं. कारागिराच्या हाताखाली आपोआप होणारी गोष्ट सरकारी कागदावर आली, याचं मला फार वाईट वाटतं.

आता पाळी अनुवादकाची आहे. यंत्राने केलेला अनुवाद पाठवतात आणि म्हणतात, ‘फक्त नजर टाका.’ दर मात्र निम्म्यावर. पण वाक्य गुळगुळीत असूनही अर्थ उलटा झालेला असू शकतो. तो पकडायचा तर मूळ पुस्तक शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचावी लागते. माझं प्रकाशकांना कळकळीचं सांगणं आहे: तो वाचनाचा वेळ दरात धरा, करारात ती जबाबदारी स्पष्ट लिहा, आणि पुस्तकाच्या श्रेयपानावर त्या माणसाचं नाव छापा.