यात्रेचा दिवस आणि दुपारनंतरचं आभाळ

नमस्कार श्रोतेहो.

चैत्र लागला की आपल्या सातारा जिल्ह्यात माणूस घरात थांबत नाही. शिखर शिंगणापूरला कावडी मुंगी घाटानं वर चढतात, गावोगावी यात्रा भरतात, कुस्त्यांची मैदानं होतात, लग्नांची दाट तिथ असते. सगळं उघड्यावर आणि बरंचसं दुपारचं. म्हणून ज्यांच्या गळ्यात यात्रा कमिटीचं किंवा मांडवाचं काम आहे, त्यांच्याशी आज हवामानाच्या अंदाजाबद्दल बोलायचं आहे.

‘सातारा जिल्हा, यलो अलर्ट’, म्हणजे हवामानावर लक्ष ठेवा, असं आपण ऐकतो. पण जिल्ह्याच्या एका टोकाला साडेतेराशे मीटर उंचीवरचं महाबळेश्वर, तर दुसऱ्या टोकाला पर्जन्यछायेतला माण. रंग दोघांना एकच. शिवाय ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हणजे हवामान खात्याच्या हिशेबानं पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी फार तर पाव केंद्रांवर पाऊस. शेजारच्या गावात गारा पडल्या आणि आपल्याकडं थेंब आला नाही, म्हणून अंदाज चुकला असं होत नाही. पुढच्या वेळी ती पाळी आपली असू शकते.

पाऱ्याचंही तसंच. जाहीर होणारं तापमान सावलीतलं असतं, झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरवर मोजलेलं. मैदानात डोक्यावर टॉवेल टाकून बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला त्याहून कितीतरी जास्त सोसावं लागतं. सपाट भागात 40 अंश गाठल्याशिवाय उष्णतेची लाट धरत नाहीत, पण 16 एप्रिल 2023 ला नवी मुंबईतल्या खारघरच्या मैदानावर भर उन्हात सोहळा झाला आणि उष्माघातानं माणसं गेली, तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता. तिथली हवा दमट, घाम वाळत नाही. आपल्याकडची कोरडी. घाम आला तसा उडून जातो, अंगातलं पाणी कमी झालेलं कळतच नाही. म्हणून तहान लागायची वाट न पाहता पाणी फिरवत राहा.

आता वळीव. मला खरी काळजी याचीच वाटते. सकाळी आभाळ निरभ्र, दुपारी दोनला कापसासारखे ढग, आणि चारनंतर तेच ढग काळे होऊन उंच चढलेले. मग एकाएकी गार वारा सुटतो. उकाड्यानं हैराण झालेली माणसं म्हणतात, ‘बरं वाटलं बघा.’ तो वारा ढगातूनच खाली कोसळलेला असतो, पावसाच्या सरी वाटेत वाळल्यानं थंड झालेला. त्याच्या मागोमाग धूळ येते, कनाती फुगतात, खुंटे उपटतात, लोखंडी खांबांसकट मांडव उचलला जातो. तेव्हा दोर आवळायला धावू नये. गार वारा लागला की आधी माणसं मांडवाबाहेर काढावीत आणि पक्क्या इमारतीत, शाळेत किंवा काचा बंद केलेल्या गाडीत न्यावीत. पारावरच्या वडाखाली अजिबात नाही. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास थांबावं, मगच परत यावं.

आठवड्याचा अंदाज मांडव ठरवायला ठीक आहे. प्रत्यक्ष दिवशी मात्र हवामान खात्याचा तीन तासांपुरता इशारा बघा, तो दुपारी पुन्हा पुन्हा बघावा लागतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपासच्या 20 ते 40 किलोमीटरमधली वीज दाखवतं. हे काम एकाच माणसाकडं द्या, स्पीकरच्या शेजारी बसवा आणि कार्यक्रम थांबवायचा अधिकार त्याला आधीच द्या. ऐनवेळी कमिटीची बैठक बसत नाही.

एक विनंती कुस्ती मैदान भरवणाऱ्यांना. मोठ्या इनामाची कुस्ती आपण दिवस कलताना शेवटी लावतो, गर्दी टिकावी म्हणून. वळवाचीही वेळ नेमकी तीच. बारक्या पोरांच्या जोडी सकाळी उरकल्या, तर दुपारचा भर टाळता येतो आणि मोठी कुस्तीही थोडी आधी घेता येते. हँडबिलं छापायला टाकण्याआधी कमिटीत हा विषय काढाच.

नमस्कार.