ऋण सोडायचं म्हणजे भरायचं कोणी?

नमस्कार मंडळी. पोहे-जलेबी होऊन सगळे जरा सुस्तावलेत, त्यामुळे मी फार ताणत नाही. विषय दिलाय 'ख्रिस्ती धर्मातलं त्यागाचं प्रेम', पण त्याग म्हटलं की आपल्याला लगेच हार घातलेला फोटो दिसतो आणि तिथेच गडबड होते.

आमच्याकडे रोज रात्री जेवणाआधी प्रभूची प्रार्थना व्हायची. त्यात एक ओळ आहे, जसं आम्ही आमच्या ऋण्यांना ऋण सोडलंय तसं तू आमचं ऋण सोड. लहानपणी मला वाटायचं, देवासमोर हे काय बँकेचं काढलंय! मोठेपणी कळलं की मत्तयाच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलातल्या येशूचरित्रात, मूळ ग्रीक शब्दसुद्धा देण्याचा, कर्जाचाच आहे. माफी म्हटलं की कसं फुकटचं वाटतं, तोंडाने बोललं की झालं. पण ऋण सोडलं तरी पैसे कुठून तरी गेलेलेच असतात ना, ते सोडणाऱ्याच्या खिशातून जातात.

आमच्या शेजारचे काका मिलमध्ये होते, मिल बंद पडली आणि त्यांच्याकडे वडिलांचे आठशे रुपये अडकले. वडील म्हणाले जाऊ दे, चिठ्ठी फाडली, चहा पाजून पाठवलं. आम्हाला वडील फार ग्रेट वाटले, पण त्या जूनमध्ये आमच्या फीसाठी आई सराफ्यात गेली आणि येताना हातात नुसत्या काचेच्या बांगड्या होत्या. ती एक शब्द बोलली नाही हो. वडिलांच्या मोठ्या मनाचं बिल आईने भरलं, हे मला चाळिशीत उमगलं.

क्रूसाकडे मी असंच बघतो. मित्रासाठी जीव देण्याहून मोठी प्रीती नाही, हे येशूचं बोलणं योहानाच्या शुभवर्तमानात आहे. आमच्या बायबलात शब्द प्रीतीच, प्रेम नाही, आणि मला तो आवडतो. पण येशूचा प्रेषित पौल रोमकरांना पत्र लिहिताना अजून पुढे जातो, म्हणतो आपण देवाचे शत्रू होतो तेव्हाच येशूने आपल्यासाठी जीव दिला. म्हणजे समोरच्याने सॉरी म्हणायच्या आधीच चिठ्ठी फाटलेली.

आता आपल्या जवळचीच गोष्ट. केरळच्या सिस्टर राणी मारिया, देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला काम करायच्या. गरीब आदिवासी शेतमजूर सावकाराच्या कर्जात पिढ्यान् पिढ्या अडकलेले, त्यांचे बचतगट करणं, त्यांना बँकेपर्यंत नेणं, असं एकदम रुक्ष कागदपत्रांचं काम, बरं का! ज्यांचं व्याज बुडालं त्यांना ते खुपणारच. २५ फेब्रुवारी १९९५ ला त्या बसने इंदूरला यायला निघाल्या आणि सुपारी घेतलेल्या एका माणसाने वाटेत त्यांना चाकूने मारलं, अंगावर पन्नासाहून जास्त जखमा. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये इथे इंदूरलाच चर्चने त्यांना धन्य घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी.

पण मला खरं बोलायचंय ते त्यांच्या बहिणीबद्दल, कारण राणी मारियांना तर त्या दिवशी कोणी विचारलंच नव्हतं, जीव देता का म्हणून. बहीण पण सिस्टरच, सेल्मी पॉल. २००२ साली ती जेलमध्ये गेली आणि त्या माणसाला राखी बांधली. राखीचा धागा मनगटावर बांधायचा तर हात हातात घ्यावा लागतो, आणि हा हात कुठला ते तिला माहीत होतं. सात वर्षांत किती रात्री तिने प्रार्थनेतली ती ऋणाची ओळ म्हटली असेल, किती वेळा 'सोडलंय' या शब्दाशी अडकली असेल, मला तर अडखळायला होतं, माझ्या आठशे रुपयांच्या घरात वाढूनसुद्धा.

नंतर आईनेही, म्हणजे राणी मारियांच्या आईने, त्याचे हात हातात घेतले आणि त्यांचा मुका घेतला. आपल्या मुलीचं रक्त त्याच हातांना लागलं होतं, म्हणून.