ईस्टरच्या आठवड्यात पोप गेले, मग शोक कसा करायचा?

नमस्कार मंडळी, जय येशू.

येत्या २१ एप्रिलला पोप फ्रान्सिस यांना जाऊन एक वर्ष होतंय. गेल्या वर्षी त्या आठवड्यात, म्हणजे ईस्टरच्या, येशू मरणातून उठला त्या सणाच्या आठवड्यात, गावातल्या बऱ्याच जणांनी मला एकच प्रश्न विचारला. शेजारच्या काकूंनी तर अंगणात उभं करूनच विचारलं, "काय वं बाई, तुमचे एवढे मोठे गुरू गेले म्हणतेत, अन् चर्चमध्ये तर फुलं लावली, गाणी चालू हायेत. तुमच्यात सुतक नसते काय?"

प्रश्न रास्त होता. आमच्या पॅरिशमधल्या म्हाताऱ्या बायांनाही तोच पडला होता, फक्त त्यांनी तो फादरांना विचारला. आजचा व्हिडिओ याच प्रश्नावर आहे.

माझ्याबद्दल थोडक्यात सांगते. मी अमरावती धर्मप्रांतातल्या, म्हणजे तिथल्या बिशपांच्या हाताखालच्या भागातल्या, एका खेड्यातली. रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, झाली की मुलांना धर्मशिक्षण शिकवते. विदर्भात कॅथलिक लोक आहेत हेच पुष्कळांना माहीत नसतं. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ सालचा, १९५३ साली तो महाधर्मप्रांत झाला. १९५५ साली अमरावतीचा धर्मप्रांत वेगळा निघाला. चंद्रपूर, गडचिरोली, वर्धा या भागात सिरो-मलबार, म्हणजे केरळच्या जुन्या कॅथलिक रीतीचा, चांदा धर्मप्रांत आहे. खेड्यातलं पॅरिश म्हणजे एक चर्च आणि त्याला जोडलेली आजूबाजूची गावं. फादर मोटरसायकलवर सकाळी एका गावात मिस्सा करतात, संध्याकाळी दुसऱ्या. सिस्टरांचा दवाखाना, एखादी शाळा, एखादं वसतिगृह. ख्रिस्ती घरं थोडी असतात, त्यामुळे आमचे सण आणि आमचं दुःख सगळं गावाच्या डोळ्यांसमोरच चालतं.

आता मुद्द्यावर येऊ.

२०२५ साली ईस्टर २० एप्रिलला होता. त्या दिवशी आपल्याकडच्या वेळेने दुपारी साडेतीनच्या सुमारास पोप फ्रान्सिस व्हॅटिकनच्या सज्जात आले. फुफ्फुसांच्या आजाराने ते १४ फेब्रुवारी ते २३ मार्च इस्पितळात होते. आवाज पार खोल गेला होता. लोकांना ईस्टरच्या शुभेच्छा दिल्या, पुढचा संदेश त्यांच्यासाठी दुसऱ्याने वाचला. मग उघड्या गाडीतून चौकात फिरले, लहान बाळांना आशीर्वाद दिले. दुसऱ्या दिवशी सोमवारी सकाळी रोममध्ये ७ वाजून ३५ मिनिटांनी त्यांचं निधन झालं. वय ८८. बातमी जाहीर झाली तेव्हा आपल्याकडे दुपारचा सव्वा वाजला होता. विदर्भातला एप्रिल, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि घराघरात मोबाइल वाजायला लागले.

ईस्टर हा एका दिवसाचा सण नाही. कॅथलिक उपासनेत ईस्टरचा रविवार आणि पुढचे सात दिवस, असे आठही दिवस ईस्टरच्या थाटाने पाळले जातात. त्या आठवड्यात रोज पांढरे झगे, रोज गौरवगीत, आणि मिस्सा संपताना रोज दोनदा आल्लेलुया, म्हणजे देवाची स्तुती करा. या आठ दिवसांत मृतांसाठीची खास मिस्सा करता येत नाही. एखाद्याचा अंत्यविधी असेल तर अंत्यविधीची मिस्सा होते, पण नुसती बातमी आली म्हणून जांभळे कपडे घालून मृतांची प्रार्थना लावायची, हे चालत नाही. मग ती बातमी पोपची का असेना.

आमच्या बायांना हे काही पटेना. त्यांची इच्छा साधी होती, आपल्या माणसासाठी रडायची मिस्सा हवी. फादरांनी त्यांना नियम सांगितला आणि त्यातली वाटही दाखवली. मिस्सा त्या दिवसाची, म्हणजे ईस्टरचीच होणार, पण ती अर्पण करायची पोप फ्रान्सिस यांच्या आत्म्यासाठी. विश्वासूंच्या प्रार्थनेत त्यांचं नाव घ्यायचं. आणि संध्याकाळी रोझरी, म्हणजे मरियामातेची जपमाळ, करायची, तिला कुणाची आडकाठी नाही.

मंगळवारी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर मिस्सा झाली. बातमीनंतरची आमच्याकडची ती पहिली. फादर शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधली येशूची कथा, वाचायला उभे राहिले. ईस्टरच्या मंगळवारी दरवर्षी योहानाच्या विसाव्या अध्यायातला उतारा असतो. येशूची शिष्या मरिया मग्दालिया त्याच्या कबरीबाहेर रडत उभी आहे. देवदूत विचारतात, बाई, का रडतेस? मागून येशू येतो आणि तोही तेच विचारतो. तिला वाटतं हा बागेचा माळी. मग तो तिचं नाव घेतो, फक्त "मरिये" म्हणतो, आणि ती ओळखते.

हा उतारा कुणी पोपसाठी निवडला नव्हता. तो त्या दिवसाचाच आहे. आदल्या दिवशीचा, सोमवारचा, मत्तयाचा उतारा: स्त्रिया कबरीपासून धावत निघतात, मनात भीती आणि मोठा आनंद, दोन्ही एकदम. बुधवारचा अम्माऊसच्या वाटेवरचा: दोन शिष्य उदास चेहऱ्याने गावाकडे चाललेत. ईस्टरचा अख्खा आठवडा असा रडक्या डोळ्यांच्या माणसांनी भरलेला आहे. मी इतकी वर्षं मुलांना हे शिकवत आलेय, पण त्या संध्याकाळी माझ्या बाजूला बसलेल्या बाईच्या गालावरून पाणी वाहत असताना ते ऐकलं, आणि माझ्यासाठी काकूंच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच झालं. रडायला आम्हाला ईस्टरबाहेर जायची गरज नव्हती. पहिल्या ईस्टरला येशू सगळ्यात आधी जिला भेटला, ती रडतच उभी होती.

ती बाई का रडत होती, तेही सांगते, कारण पुष्कळांना वाटतं की रोममधल्या माणसासाठी वऱ्हाडातली शेतमजूर बाई कशाला रडेल? फ्रान्सिस भारतात कधी आलेसुद्धा नाहीत.

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात गुरुवारी संध्याकाळी फादर बारा जणांचे पाय धुतात, येशूने शिष्यांचे धुतले त्याची आठवण म्हणून. पूर्वी नियमाने हे बारा जण पुरुषच असायचे. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी तो नियम बदलला, बायांनाही घेता येईल असं केलं. आमच्याकडे पहिल्यांदा बाया बसल्या त्यात ही होती. जन्मभर कापूस वेचलेली, निंदणाला गेलेली बाई. टाचांना खोल भेगा, त्यात काळी माती अशी बसलेली की घासूनही निघत नाही. लाजून ती पाय लुगड्याखाली ओढून घेत होती. फादर गुडघ्यावर बसले, जगमधून पाणी ओतलं, टॉवेलने बोटांमधलं पाणीसुद्धा टिपलं आणि पायाचं चुंबन घेतलं. ती मला नंतर म्हणाली, "माह्या पायाले आजवर डॉक्टरनंबी हात लावला नाही." हा बदल कुणी केला, हे तिला माहीत होतं. ती त्याच माणसासाठी रडत होती.

आणि त्या माणसाने शेवटच्या गुरुवारी, १७ एप्रिलला, काय केलं? इस्पितळातून येऊन महिना झाला नव्हता, तरी रोममधल्या रेजिना चेली तुरुंगात कैद्यांना भेटायला गेले. यंदा पाय धुणं होत नाही, पण तुमच्याजवळ यायचं होतं, असं त्यांनी कैद्यांना सांगितलं. त्यानंतर चौथ्या दिवशी ते गेले.

अजून एक गोष्ट, जी मी मुलांना आवर्जून सांगते. गाझामध्ये पवित्र कुटुंबाच्या नावाचं एक छोटं कॅथलिक पॅरिश आहे. युद्ध सुरू झाल्यापासून पोप फ्रान्सिस जवळजवळ रोज संध्याकाळी तिथे फोन करायचे. काय जेवलात, मुलं कशी आहेत, एवढंच विचारायला. इस्पितळातूनसुद्धा करायचे. मोजक्या घरांच्या पॅरिशमध्ये राहणाऱ्या माणसाला याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

आता त्या आठवड्यातला एक पेच सांगते. आमच्याकडे ईस्टरआधीच्या उपवासकाळात लग्नं लागत नाहीत, त्यामुळे ईस्टर झाला की रांग लागते. वर विदर्भात लग्नसराई. पोपचा अंत्यविधी ठरला शनिवारी २६ एप्रिलला, रोममध्ये सकाळी १० वाजता, म्हणजे आपल्याकडे दुपारी दीडला. आणि त्याच दिवशी सकाळी आमच्या चर्चमध्ये एक लग्न. भारत सरकारने तीन दिवसांचा राजकीय शोक जाहीर केला होता, २२ आणि २३ एप्रिल आणि अंत्यविधीचा दिवस. घरची मंडळी घाबरून फादरांकडे आली, लग्न पुढे ढकलायचं का? फादर म्हणाले, लग्न लागेल, चर्चची काही हरकत नाही. पण घरच्यांनी आपणहून डीजे रद्द केला. वरात साधीच चालत आली. मिस्साआधी सगळ्यांनी उभं राहून पोपसाठी एकदा "हे आमच्या स्वर्गातील बापा" म्हटलं आणि मग नवरीची गाणी सुरू झाली. दुपारी जेवणावळीनंतर त्याच मांडवात कूलर लावून लोक मोबाइलवर अंत्यविधी बघत बसले. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटला, आणि तो घरच्यांनी स्वतः घेतला, हे विशेष.

[स्क्रीनवर: पास्का मेणबत्तीचा फोटो]

त्या अंत्यविधीत एक गोष्ट बघा. शवपेटीजवळ ही उंच मेणबत्ती उभी होती. हीच पास्का मेणबत्ती प्रत्येक चर्चमध्ये ईस्टरच्या आदल्या रात्री नव्या अग्नीवर पेटवतात. तिच्यावर क्रूस असतो, ग्रीक वर्णमालेतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर, त्या वर्षाचे चार आकडे, आणि येशूच्या पाच जखमांसाठी धूपाचे पाच खडे. ईस्टरचे पन्नास दिवस ती वेदीजवळ असते, पुढे बाप्तिस्म्याच्या वेळी पेटवतात. आणि पॅरिशमध्ये कुणी वारलं की शवपेटीजवळ आणून ठेवतात. मग तो पोप असो की आमच्या गावातला सालगडी. आमच्याकडच्या उन्हात ती मेणबत्ती दुपारी मऊ होऊन कलायला लागते. चर्च सांभाळणारे दादा तिला मिस्सा झाली की आतल्या थंड खोलीत नेऊन ओल्या फडक्याजवळ ठेवतात, संध्याकाळी परत आणतात. त्या आठवड्यात पोपचा फोटो मोगऱ्याचा हार घालून त्याच मेणबत्तीच्या शेजारी स्टुलावर ठेवला होता. वेदीवर नाही, स्टुलावर. वेदी येशूची, तिथे कुणाचा फोटो ठेवत नाहीत.

शवपेटीबद्दलही सांगायला हवं. पूर्वी पोपला तीन पेट्यांत ठेवत, एकात एक, सुरूच्या लाकडाची, शिशाची आणि ओकची. फ्रान्सिस यांनी २०२४ साली अंत्यविधीचे नियमच सोपे केले. आतून जस्त लावलेली लाकडाची एकच पेटी. पार्थिव उंच चौथऱ्यावर न ठेवता उघड्या पेटीतच दर्शनाला ठेवलं. दफन व्हॅटिकनमध्ये नाही, तर रोममधल्या सांता मारिया मेज्जोरे या मरियामातेच्या चर्चमध्ये, जिथे प्रत्येक परदेश दौऱ्याआधी आणि नंतर ते प्रार्थनेला जात. कबर जमिनीत असावी, साधी असावी, तिच्यावर फक्त लॅटिनमध्ये नाव असावं, हे त्यांनी २०२२ सालच्या मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. पेटी तिथे पोचली तेव्हा पायऱ्यांवर कोण उभं होतं? बेघर, स्थलांतरित, कैदी, हातात पांढरं फूल घेतलेले गरीब लोक.

अंत्यविधीपासून पुढे नऊ दिवस, ४ मेपर्यंत, रोममध्ये त्यांच्यासाठी रोज मिस्सा झाली. शेजारच्या काकूंना मी सांगितलं, आपल्याकडे तेरवीपर्यंत घर जसं माणसाला सोडत नाही, तसे हे नऊ दिवस समजा. त्यांना लगेच कळलं.

या काळात आमच्या कानांना सगळ्यात जास्त टोचली ती एक पोकळी. प्रत्येक मिस्सेत मुख्य प्रार्थनेत फादर पोपचं नाव घेतात आणि मग बिशपांचं. बारा वर्षं तिथे "फ्रान्सिस" ऐकलेलं. पोपची गादी रिकामी असते तेव्हा तिथे कुठलंच नाव घेत नाहीत, थेट बिशपांवर येतात. आमचे फादर पहिल्या दिवशी त्या जागी क्षणभर थांबले. ओठ हलले, आवाज आला नाही. मग बिशपांचं नाव घेतलं. सगळं चर्च त्या थांबण्यात त्यांच्यासोबत थांबलं होतं. मग ८ मेला आपल्याकडच्या वेळेने रात्री साडेनऊनंतर रोममध्ये निवड झाल्याचा पांढरा धूर निघाला, १३३ कार्डिनलांनी, म्हणजे पोप निवडणाऱ्या वरिष्ठ धर्मगुरूंनी, नवे पोप निवडले, लिओ चौदावे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सेत फादरांनी ते नाव सावकाश, एकेक अक्षर जपून उच्चारलं. तेव्हा ईस्टर अजून संपला नव्हता. पांढरे झगे तेच, मेणबत्तीही तीच.

आता या वर्षीचं. बऱ्याच जणांनी विचारलंय की २१ एप्रिलला मृतांची मिस्सा करता येईल का? येईल. यंदा ईस्टर ५ एप्रिलला होता, आठ दिवस १२ तारखेला पूर्ण झाले. २१ एप्रिल हा ईस्टरकाळातला साधा मंगळवार आहे आणि पहिल्या वर्षस्मरणासाठी मृतांची मिस्सा अशा दिवशी चालते. गेल्या वर्षी आमच्या म्हाताऱ्या बायांना जी मिळाली नव्हती, ती यंदा मिळणार. त्या दिवसाचेच उतारे ठेवले तर शुभवर्तमान आहे योहानाच्या सहाव्या अध्यायातलं, मीच जीवनाची भाकर आहे. फादरांना मात्र दोन-चार दिवस आधी सांगून ठेवा, लग्नसराईत त्यांची वही भरलेली असते. आणि शेजारच्यांनाही बोलवा. आमच्या काकू येणार आहेत, त्यांनी हारासाठी मोगरा सांगून ठेवलाय.