जागलीत डोळे उघडे असून नजर का चुकते?

नमस्कार मंडळी. हरभरा घाट्यावर आला की रोही (नीलगाय) अन् डुकरांपायी जागल, म्हणजे पिकाची रातची राखण, आलीच. माणूस मचानावर रातभर बसतो, तरी सकाळी धुऱ्याकडचा हरभरा खाल्लेला दिसतो. घरचे म्हणतात, "झोपला असशील." बरेचदा तो झोपलेला नसतो. त्याचं लक्ष दमलेलं असतं.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या रडारवाल्यांचं हेच होत होतं. पडद्यावर पाणबुडीची खूण यायची अन् समोर बसलेल्याला ती दिसायची नाही. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञानं यावरचा प्रयोग १९४८ साली छापला. कोऱ्या तबकडीवर एक काटा, दर सेकंदाला एक टप्पा सरकणारा. अधूनमधून तो दुप्पट उडी घ्यायचा. ती दिसली की बटण दाबायचं, बस, सलग दोन तास. अर्ध्या तासानंतरच उड्या जास्त निसटू लागल्या. अर्ध्या-अर्ध्या तासानं आलटून-पालटून बसवलं, तेव्हा ही घसरण थांबली.

नुसतं पाहत बसणं सोपं वाटतं, पण मेंदूला ते फार जड जातं. हलली ती तूर, का रोही? हा निवाडा त्याला सतत करावा लागतो. त्यात जनावर क्वचित येत असेल तर चूक वाढते. मानसशास्त्रज्ञ जेरेमी वुल्फ यांच्या २००५ च्या प्रयोगात शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत होती, तेव्हा ७ टक्के वेळा सुटली. शंभरात एकाच चित्रात ठेवली, तर ३० टक्के! म्हणून ज्या वावरात कळप कधीमधीच येतो, तिथला जागल्या जास्त फसतो.

मग करायचं काय? शेजारच्या वावरवाल्यासोबत जोडी लावा. दोघं जागे असताना अर्ध्या तासानं पाळी बदला. दुसऱ्यानं तोवर शेकोटी पाहावी. पण झोपेच्या पाळ्या इतक्या तोडू नका, झोप सलगच लागते. एकटे असाल तर वीस-पंचवीस मिनिटांनी काम बदला: उभं राहा, डबा वाजवा, बॅटरी धुऱ्यावरून फिरवा.

मोबाइलवर व्हिडिओ तर नकोच. लक्ष तिकडे जातंच, वर उजेडानं दिपलेली नजर अंधाराला पुरती सरावायला वीस-तीस मिनिटं घेते. वेळच पाहायची असेल तर एक डोळा घट्ट मिटून पाहा. मिटलेल्या डोळ्याची अंधारातली नजर शाबूत राहते.