पोत्यावरचा आकडा

नमस्कार मंडळी! घर बांधायला काढलं की पहिला प्रश्न, सिमेंट कुठलं आणायचं? पोत्यावर 43, 53 असे आकडे असतात, आणि ते आकडे दिसले की मला आमचा मामाच आठवतो.

मामाचं घर गुहागरकडे. स्लॅबला त्याने 53 ग्रेड आणलं, ठीक, पण मग म्हणाला प्लास्टरलाही हेच, 43 म्हणजे जेमतेम पास झालेलं पोरगं, ते माझ्या भिंतीला नको! म्हातारा गवंडी सांगत होता, "भाऊ, गिलाव्याला पीपीसी, ते राख मिसळलेलं सिमेंट, घ्या, 53 लवकर गरम होतं." मामा कसला ऐकतोय, वर माल कडक हवा म्हणून घमेल्यामागे सिमेंट जास्तच टाकायला लावलं. त्यात मे महिना, विहीर तळाला गेलेली आणि घरात लग्न, भिंतीवर पाणी मारलं ते दोनच दिवस. पाचशे पानं उठवायला टँकर येतो हो, भिंतीला दोन बादल्या मिळत नाहीत. आठव्या दिवशी संध्याकाळचं तिरकं ऊन भिंतीवर आलं आणि केसाएवढ्या चिराच चिरा! मामी म्हणाली, "तालुक्याचा नकाशा काढून घेतलात, आता त्यात आपलं घर कुठंय तेवढं दाखवा."

तर मंडळी, 53 हे मार्क नाहीत. त्या सिमेंटचा ठोकळा 28 दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला किमान 53 न्यूटन दाब सोसतो, एवढाच अर्थ. परत सांगतो, आकडा ताकदीचा, दर्जाचा नाही. कॉलम, बीम, स्लॅबला 43 किंवा 53. वीटकाम, प्लास्टरला पीपीसी, त्यात फ्लाय अॅश, म्हणजे कोळशाची बारीक राख असते, ते सावकाश ताकद धरतं म्हणून पाणी किमान दहा दिवस मारायचं, दहा बरं का, दोन नाही. समुद्राजवळ पाया घालताय तर स्लॅगचं, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतली मळी घातलेलं सिमेंट विचारा, खाऱ्या पाण्यात ते जास्त टिकतं. आणि पोत्यावर पॅकिंगचा आठवडा छापलेला असतो तो वाचा, तीन महिन्यांपेक्षा जुनं असेल तर तपासल्याशिवाय घेऊ नका.

मामाच्या त्या भिंतीवर आता तीन कॅलेंडरं आहेत. दोन गेल्या वर्षीची.