टायरच्या अंगावरचा मजकूर

श्रोतेहो, नमस्कार. कागद-पेन्सिल हाताशी असेल तर एवढं टिपून घ्या: १८५, तिरकी रेघ, ६५, मग आर १५, आणि थोडी जागा सोडून ८८ एच. तुमच्या गाडीच्या टायरवर नेमकं हेच असेल असं नाही, पण याच जातीचं काहीतरी नक्की असणार.

एकदा गणपतीत ताम्हिणी घाटातून कोकणात जायचं होतं. पुढचे दोन टायर पार घासलेले, म्हणून नवे घ्यायला गेलो. दुकानदार म्हणाला, "काका, १८५ कशाला? २०५ टाकू या की. गाडी भरदार दिसेल." मला मोह झाला, खोटं कशाला सांगू. पण मग दुकानातल्याच एका कागदावर हिशेब मांडला.

१८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. पुढचे ६५ मात्र मिलिमीटर नव्हेत, ते टक्के. म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, साधारण १२० मिलिमीटर. आणि १५ हा रिमचा व्यास, तो इंचात! एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच. वाण्यानं असा हिशेब दिला असता तर आपण पिशवी तिथंच ठेवून निघून आलो असतो. मधला आर म्हणजे रिम नव्हे बरं का, पुष्कळांचा तसा समज आहे. तो रेडियलचा आर. टायरच्या आतले धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे गेलेले असतात, म्हणून रेडियल.

आता बेरीज करा. १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर, त्यात वरची आणि खालची भिंत मिळवली की चाकाची उंची होते सुमारे ६२१. दुकानदाराचा २०५ चा टायर त्याच ६५ टक्क्यांत घेतला, तर भिंतही वाढते आणि चाक जातं ६४७ वर. चाक चार टक्क्यांनी मोठं झालं, पण स्पीडोमीटरला ते कोण सांगणार? तो फेऱ्याच मोजतो. काटा १०० दाखवत असेल तेव्हा गाडी आधीपेक्षा चार किलोमीटरनं जास्त पळत असते. द्रुतगती मार्गावर मर्यादा पाळतोय अशा समजुतीत आपण, आणि कॅमेऱ्याचं मत वेगळं. शिवाय चार माणसं, सामान आणि पूर्ण वळवलेलं स्टिअरिंग असलं की असा टायर आतल्या बाजूला घासूही शकतो. रुंदी वाढवायचीच तर टक्के कमी करावे लागतात. १९५/६० आर १५ घेतला, तर उंचीत जेमतेम एक टक्क्याचा फरक पडतो. तेही रिमच्या रुंदीला चालत असेल तरच, आणि चारही चाकांना सारखंच.

मी १८५ च घेतले.

८८ हा भाराचा आकडा. तो किलो नव्हे, तक्त्यातला क्रमांक आहे. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो. यापेक्षा कमी आकड्याचा टायर कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर. कर्वे रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता याचा उपयोग काय, असं तुम्ही म्हणाल. पण हे अक्षर खरं तर उष्णता सोसण्याचं आहे. वेगानं टायर तापतो. हवा कमी असली की भिंत जास्त दबते, जास्त वाकते आणि आणखी तापते. मेच्या दुपारी, भरलेल्या गाडीत, कमी हवेवर टायर फुटतो तो यामुळे.

हवेचाही एक आकडा टायरवर असतो, बारीक अक्षरात, ४४ किंवा ५१ पीएसआय असा काहीतरी. ती कमाल मर्यादा. तेवढी हवा भरायची नसते! तुमच्या गाडीला किती लागते ते बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं. आणि हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. गाडी चालवून आल्यावर आकडा चढलेला दिसतो.

आता माझी फजिती. मापावर एवढी हुज्जत घातली, आणि तारीख बघायची राहिली. टायरवर एका लांबट गोलात चार आकडे असतात. २३२४ असेल तर २०२४ सालचा २३ वा आठवडा, म्हणजे जूनची सुरुवात. माझे नवेकोरे टायर चार वर्षं दुकानात बसून होते. अनेक कंपन्या सांगतात की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही शिल्लक असो, बदला. म्हणजे पैसे पूर्ण मोजले आणि वापरायला मिळालं अर्ध्याहून थोडं जास्त आयुष्य.

ते चार आकडे बरेचदा टायरच्या एकाच बाजूला असतात, आणि ती बाजू नेमकी आत जाते. मला ते सापडले घरी आल्यावर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये सतरंजी टाकून गाडीखाली डोकं घातलं तेव्हा. शेजारचे आजोबा थांबले. "काय हरवलं?"

म्हटलं, "टायरची जन्मतारीख बघतोय."

ते काही न बोलता वर गेले, आणि बॅटरी घेऊन आले. आधी त्यांच्या गाडीची स्टेपनी बघायची होती.